ययातीच्या वाटेवर : वि. स. खांडेकर

एका धार्मिक न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका कादंबरीकाराचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर प्रारंभीच दिलेले बरे. १९४४ साली साहू शांतिप्रसाद जैन आणि त्यांच्या पत्नी रमा जैन यांनी भारतीय ज्ञानपीठ ही संस्था स्थापन केली. प्राकृत, अपभ्रंश व संस्कृत भाषांतील जुने ग्रंथ शुद्ध स्वरूपात प्रकाशित व्हावेत, हा तिचा एक मुख्य हेतू होता. शांतिप्रसादजींच्या मातोश्री मूर्तिदेवी यांच्या नावाने निघालेली ग्रंथमाला आपल्यापैकी अनेकांच्या घरी, निदान मंदिराच्या ग्रंथभांडारात तरी असेल. पुढे याच संस्थेने सर्व भारतीय भाषांसाठी एक पुरस्कार सुरू केला आणि तो पहिल्यांदा १९६५ साली दिला गेला. मराठीच्या वाट्याला हा मान १९७४ च्या पुरस्काराने प्रथम आला. तो मिळाला विष्णु सखाराम खांडेकर यांना, 'ययाति' या कादंबरीसाठी. भोगाने भोगाची तृप्ती होत नाही, ही त्या कादंबरीची कथा. ती लिहावी असे खांडेकरांना का वाटले आणि ती लिहिण्याइतके त्यांच्या आयुष्यात काय काय घडून गेले होते, हे पाहण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

खांडेकरांचा जन्म जानेवारी १८९८ मध्ये सांगली येथे झाला. त्यांचे मूळ नाव गणेश आत्माराम खांडेकर. पवनाकाठी मोरया गोसावींच्या समाधीच्या सान्निध्यात राहणाऱ्या आपल्या चिंचवडकरांना गणेश हे नाव घरचेच वाटेल; पण सांगलीही गणपतीचीच नगरी. कृष्णेच्या तीरावरील गणपती मंदिर हे तेथील पटवर्धन संस्थानिकांचे आराध्यस्थान. सांगलीची दुसरी ओळख नाटकाची. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले ते याच गावात. पुराणातील कथा घ्यावी, ती लोकांसमोर उभी करावी आणि तिच्यातून आजचे काही सांगावे, ही रीत त्या गावाच्या हवेतच होती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हेही मूळचे सांगलीचे. कच आणि देवयानीच्या कथेवर त्यांनी 'विद्याहरण' हे संगीत नाटक लिहिले आणि मद्यपानाने शुक्राचार्यांसारख्या तपस्व्याची काय अवस्था होते, हे त्यात दाखविले. ते रंगभूमीवर आले १९१३ साली. त्याच वर्षी गणेश खांडेकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. पंधरा वर्षांच्या नाटकवेड्या मुलाच्या काळात कच, देवयानी, शुक्राचार्य ही नावे पोथीत बांधलेली नव्हती, ती नाट्यपदांतून लोकांच्या ओठांवर होती, हे लक्षात ठेवले पाहिजे.

वडील लहानपणीच गेले. घरची स्थिती बेताची. तरीही हा हुशार विद्यार्थी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाला. पुण्यात राम गणेश गडकरी यांचा सहवास लाभला आणि त्यांना खांडेकरांनी मनोमन गुरू मानले. ती निष्ठा आयुष्यभर टिकली. १९३२ साली त्यांनी गडकऱ्यांचे व्यक्तित्व आणि वाङ्मय यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, त्यावरून या ऋणाची कल्पना येते.

पण महाविद्यालयाचे दिवस फार टिकले नाहीत. १९१६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते चुलते सखाराम खांडेकर यांना दत्तक गेले. गणेश आत्माराम याचे विष्णु सखाराम झाले. गाव बदलले, घर बदलले, वडिलांचे नाव बदलले आणि पदवी न घेताच शिक्षण संपले. सांगली-पुण्याकडचा हा मुलगा सावंतवाडी संस्थानातल्या नानेली या खेड्यात जाऊन पडला. दत्तकविधान त्या काळी सर्रास होत असे, त्यात वावगे कोणालाच वाटत नसे. वंश चालावा, इस्टेट घराबाहेर जाऊ नये, वडीलधाऱ्यांच्या मनाला स्वस्थता लाभावी, ही त्यामागची कारणे. ज्याचे आयुष्य त्यात वळविले जाते, त्या मुलाला मात्र क्वचितच कोणी विचारी. या प्रसंगाकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

१९२० साली खांडेकर शिरोडे येथील ट्युटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि अठरा वर्षे तेथेच राहिले. शिरोडे म्हणजे वेंगुर्ल्याच्या दक्षिणेचे, गोव्याच्या सीमेलगतचे समुद्रकाठचे गाव. शाळा लहान, पगार तुटपुंजा, प्रकृती नाजूक, डोळे अधू. पुण्यामुंबईच्या साहित्यवर्तुळापासून हा माणूस शेकडो मैल दूर. तरीही मराठी वाचकाला माहीत असलेले खांडेकर घडले ते या खेड्यात. गरिबी म्हणजे काय, हे पुस्तकातून समजून घेण्याची त्यांना गरज पडली नाही. ती रोज समोरच्या बाकावर येऊन बसत असे. १९३० साली शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' प्रसिद्ध झाली. मग 'कांचनमृग', 'उल्का', 'दोन ध्रुव' अशी मालिकाच सुरू झाली.

या नावांकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. 'कांचनमृग' (१९३१) हे नाव रामायणातले आहे. सीतेच्या डोळ्यांना भुलविणारा सोन्याचा हरिण हा मराठी मनात मोहाचे दुसरे नाव आहे. पुढे १९४२ साली आलेल्या कादंबरीचे नाव 'क्रौंचवध', म्हणजे रामायणाच्या जन्माशी जोडलेला प्रसंग. या दोन्ही कादंबऱ्या त्यांच्या काळातल्या माणसांच्या आहेत. त्यांत राजे नाहीत, ऋषी नाहीत. तरीही आजच्या माणसाची गोष्ट सांगताना खांडेकरांना शब्द सुचत होता तो महाकाव्यातला. 'ययाति' ही काही त्यांच्या लेखनात अचानक उगवलेली गोष्ट नव्हे. वीस-पंचवीस वर्षे पुराणकथेची नावे उसनी घेणाऱ्या लेखकाने अखेर एकदा त्या कथेच्या घरातच मुक्काम केला, एवढाच त्याचा अर्थ.

१९३८ साली ते कोल्हापूरला आले. त्याआधीच मास्टर विनायक यांच्यासाठी त्यांनी चित्रपटकथा लिहिण्यास प्रारंभ केला होता. 'छाया' (१९३६) गाजला. 'ज्वाला' (१९३८) हा चित्रपट सत्तेच्या हव्यासाने भ्रष्ट होत गेलेल्या एका सेनापतीचा होता. म्हणजे तृष्णेचा विषय तेथेही होताच, फक्त तेथे ती राज्याची होती. याच सुमारास रूपककथा हा छोटेखानी प्रकार त्यांनी मराठीत रुजविला. दगड, फूल, नदी, देव यांच्यावर रचलेली पानभर गोष्ट आणि तिच्या आत माणसाविषयीचे एखादे कडू सत्य, असे तिचे स्वरूप असे. खलील जिब्रानच्या कथाही त्यांनी मराठीत आणल्या. ज्याला प्रत्येक कथेच्या आत दुसरी कथा दिसते, अशा लेखकाला महाभारतातले उपाख्यान केवळ उपाख्यान म्हणून दिसणे कठीणच.

'क्रौंचवध'नंतर मात्र त्यांची कादंबरी थांबली. १९४२ ते १९५३ या अकरा वर्षांत एकही नवी कादंबरी आली नाही. दर वर्षा-दोन वर्षांनी कादंबरी देणारा हा लेखक एवढा काळ गप्प का राहिला असेल? या काळात जग काय पाहत होते, ते आठवले की थोडे उमगते. महायुद्ध झाले, अणुबाँब पडला, देश स्वतंत्र झाला आणि रक्ताने माखला, गांधीजींची हत्या झाली. स्वातंत्र्य मिळाले की माणूस मोठा होईल, ही शिरोड्याच्या शाळामास्तराची आणि त्याच्या पिढीची श्रद्धा होती. प्रत्यक्षात काळाबाजार वाढला, वशिला वाढला, साध्या राहणीची थट्टा होऊ लागली. १९५३ साली 'अश्रू' आली, ती या पडझडीतल्या एका सामान्य सज्जन शिक्षकाची कथा. पण मनातल्या प्रश्नाला ते उत्तर अपुरे होते. भल्या माणसाचे दुःख तेथे आले. ज्याला सर्व काही मिळाले आहे आणि तरीही पुरत नाही, त्याची कथा अजून लिहायची होती.

ती कथा महाभारताच्या आदिपर्वात तयार होती. दैत्यगुरू शुक्राचार्यांची कन्या देवयानी आणि दैत्यराजा वृषपर्व्याची कन्या शर्मिष्ठा, दोघी मैत्रिणी. जलक्रीडेनंतर वस्त्रांची अदलाबदल होते, भांडण पेटते, शर्मिष्ठा देवयानीला विहिरीत ढकलते. तिला बाहेर काढतो राजा ययाती. शिक्षा म्हणून राजकन्या शर्मिष्ठा देवयानीची दासी होते आणि ययातीशी विवाह झालेल्या देवयानीच्या मागे सासरी जाते. राजाचा शर्मिष्ठेशी गुप्त संबंध जडतो. देवयानीला यदू व तुर्वसू, तर शर्मिष्ठेला द्रुह्यू, अनू व पूरू असे पुत्र होतात. गुपित फुटल्यावर शुक्राचार्य ययातीला तत्काळ वार्धक्याचा शाप देतात. उःशाप एवढाच, की कोणी आपले तारुण्य दिल्यास ते घेता येईल. राजा पाचही पुत्रांकडे याचना करतो. चौघे नकार देतात; सर्वांत धाकटा पूरू होकार देतो. पुत्राचे तारुण्य घेऊन ययाती हजार वर्षे भोग भोगतो, तृप्ती होत नाही हे त्याला कळते, आणि मग तो तारुण्य परत करून वनात जातो.

आपल्या उत्तराध्ययन सूत्रातील कपिलमुनींची कथा येथे सहज आठवते. दोन मासे सोन्यासाठी राजाकडे गेलेला कपिल, हवे ते माग असे म्हटल्यावर उद्यानात बसून हिशेब करू लागतो आणि त्याची मागणी वाढता वाढता राज्यापर्यंत पोहोचते. तेथेच त्याला स्वतःच्या मनाचे दर्शन घडते. कपिलाला जे काही घटकांत कळले, त्यासाठी ययातीला हजार वर्षे आणि मुलाचे आयुष्य खर्ची घालावे लागले.

'ययाति' प्रसिद्ध झाली १९५९ साली. तिच्यासोबत खांडेकरांनी जी पार्श्वभूमी लिहिली, तीत या कथेचा संबंध त्यांनी स्वातंत्र्योत्तर समाजातील सुखलोलुपतेशी स्वच्छपणे जोडला आहे. हा काळ आपल्या परिसराच्या दृष्टीनेही ध्यानात घेण्यासारखा आहे. खांडेकर कोल्हापुरात ययातीची जुळवाजुळव करीत होते, त्याच वर्षांत, १९५४ साली, पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना उभा राहत होता. त्यामागून किती कारखाने आले आणि हा पट्टा चाकणपर्यंत कसा पसरला, ते आपण पाहिलेच आहे. यंत्रयुग वाईट असे खांडेकरांचे म्हणणे नव्हते. ते प्रगतीचे विरोधक कधीच नव्हते, आगरकरांना मानणारे होते. त्यांचा प्रश्न वेगळा होता. सुखाची साधने वाढतील, त्या वेगाने मनाचे बळ वाढेल काय? वडिलोपार्जित जमिनीचा पैसा आला आणि एका पिढीत संपला, मुलांच्या वाट्याला ना जमीन राहिली ना पैसा, अशी घरे या पंचक्रोशीत ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पूरूची गोष्ट फार जुनी वाटणार नाही.

मूळ कथेत खांडेकरांनी केलेले बदल पाहिले, की त्यांच्या प्रेरणा अधिक स्पष्ट होतात. पहिला बदल निवेदनाचा. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली हकीकत स्वतः सांगतात. अपराधी माणसालाच बोलू दिल्यामुळे त्याचा निवाडा करणे वाचकाला अवघड जाते. ययाती स्वतःला समजावतो, सबबी सांगतो, पुन्हा घसरतो, आणि वाचताना आपल्याला आपल्याच सबबी ऐकू येतात. त्याच्या घराण्यावर एक सावलीही आहे. नहुषाची मुले कधी सुखी होणार नाहीत, हा शाप कादंबरीभर त्याचा पाठलाग करतो.

दुसरा बदल शर्मिष्ठेचा. शाकुंतलात कण्वमुनी सासरी निघालेल्या शकुंतलेला आशीर्वाद देतात तो शर्मिष्ठेसारखी पतीला प्रिय हो, असा. वर्षानुवर्षे शाळेत शिकविणाऱ्या, संस्कृताची गोडी असणाऱ्या माणसाला हा आशीर्वाद अडविल्याशिवाय राहत नाही. विवाहित राणी देवयानी, आणि ऋषी उदाहरण देतात ते दासी झालेल्या शर्मिष्ठेचे! देणारी आणि मागणारी, अशी प्रेमाची दोन रूपे खांडेकरांनी या दोघींत पाहिली. देवयानीवर त्यांनी थोडा अन्याय केला, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. तिचा अहंकार ते रंगवितात, पण कचाने नाकारलेल्या आणि पतीने फसविलेल्या स्त्रीचा संताप इतका सहज दोषी ठरविता येत नाही.

तिसरा बदल सर्वांत मोठा. महाभारतात संजीवनी विद्या मिळवून कच देवलोकी निघून जातो आणि ययातीच्या कथेत पुन्हा येत नाही. खांडेकरांनी त्याला परत आणले, ययातीसमोर उभे केले. शिवाय ययातीचा थोरला भाऊ यती, जो महाभारतात संन्यासी होऊन दूर होतो, त्यालाही त्यांनी कथेत ओढले. हा यती शरीराचा द्वेष करतो, स्त्रीचा द्वेष करतो आणि त्या द्वेषातच भ्रमिष्ट होतो. म्हणजे एका बाजूला भोगात बुडालेला ययाती, दुसऱ्या बाजूला दमनाने विकृत झालेला यती, आणि या दोहोंहून निराळा, जीवनावर प्रेम करूनही स्वतःला आवरू शकणारा कच. संयम आणि दमन यांतला हा भेद खांडेकरांनी इतक्या ठळकपणे दाखविला, हे व्रतनियमांच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला विशेष भावेल. मात्र कादंबरी म्हणून पाहिले तर कच हा तिचा दुबळा भाग आहे. तो फार शहाणा आहे, फार बोलतो. त्याच्या तोंडून शिरोड्याचे मास्तर बोलू लागतात आणि कथा थोडी थबकते.

आता अठराव्या वर्षाच्या त्या दत्तकविधानाकडे वळू. खांडेकरांनी ययातीमागची सामाजिक कारणे सविस्तर मांडली आहेत. पण मोठ्या लेखकाच्या कृतीमागे सांगितलेल्या कारणांइतकीच न सांगितलेलीही असतात, असे आम्हास वाटते. वडीलधाऱ्यांच्या गरजेसाठी एका तरुणाच्या आयुष्याची दिशा बदलते, तो मुकाट्याने मान्य करतो आणि ऐन उमेदीचे दिवस दुसऱ्या कोणाच्या नावाने जगतो, हा पूरूचा अनुभव आहे. काही अंशी तो नानेलीला गेलेल्या विष्णु सखारामाचाही होता. खांडेकरांच्या चुलत्यांना ययाती म्हणणे अन्यायाचे होईल, आणि तसे आम्हास म्हणावयाचे नाही. पण पित्याने पुत्राचे तारुण्य मागण्याचा तो प्रसंग वाचताना लेखणी जी थरथरते, ती केवळ ग्रंथवाचनाने थरथरणारी नव्हे. मूळ कथेतला हजार वर्षांचा भोगही त्यांनी गाळला. त्यांच्या ययातीला उपरती होते ती फार लवकर. मुलाचे तारुण्य अंगावर घेऊन हजार वर्षे सुखात राहणारा पिता लिहिणे या लेखकाला बहुधा शक्यच नव्हते.

हीच कथा त्या दशकात आणखी दोघांना खुणावत होती. ऑक्सफर्डला जाण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या गिरीश कार्नाडांनी घरच्यांच्या अपेक्षांच्या ओझ्याखाली 'ययाति' हे कन्नड नाटक लिहिले. ते १९६१ साली प्रसिद्ध झाले. त्यांचे लक्ष पूरूवर आणि त्याच्या तरुण पत्नीवर आहे. वृद्ध झालेला पती पाहून ती जीव देते. १९६६ साली वि. वा. शिरवाडकरांचे 'ययाति आणि देवयानी' आले. योगायोग असा, की हे तिघेही पुढे ज्ञानपीठाचे मानकरी ठरले : खांडेकर १९७४ च्या, शिरवाडकर १९८७ च्या आणि कार्नाड १९९८ च्या पुरस्काराचे. कार्नाडांनी कथा मुलाच्या वयात लिहिली, खांडेकरांनी ययातीच्या वयात. साठी जवळ आलेल्या माणसाने तारुण्याच्या लालसेची कथा ययातीच्या तोंडून सांगणे, यात एक कबुलीही असते.

पुढचे थोडक्यात सांगता येईल. १९६० साली 'ययाति'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६८ साली पद्मभूषण. गोपाळराव विद्वांसांनी गुजरातीत आणि का. श्री. श्री. यांनी तमिळमध्ये केलेल्या अनुवादांमुळे त्या भाषांतील अनेक वाचकांना खांडेकर आपलेच लेखक वाटत आले होते. मराठीतल्या समीक्षकांनी मात्र त्यांच्या अलंकृत भाषेवर आणि बोधप्रियतेवर वारंवार टीका केली. ती सर्वस्वी चुकीची होती, असे म्हणवत नाही. सुभाषितासारखे वाक्य सुचले की ते टाळणे भाऊसाहेबांना जमत नसे. तरीही वाचकांनी ग्रंथालयातून त्यांचे पुस्तक मागणे कधी थांबविले नाही.

डोळ्यांनी जन्मभर त्रास दिला होता. अखेरच्या वर्षांत दृष्टी पूर्ण गेली. लेखनिकाला मजकूर सांगून त्यांचे लेखन चालू राहिले. ज्ञानपीठ पुरस्काराची वार्ता आली, तेव्हा ज्या पुस्तकासाठी तो होता, त्याचे पान त्यांना स्वतः वाचता येत नव्हते. २ सप्टेंबर १९७६ रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले. सांगलीपासून हे गाव अगदी हाकेच्या अंतरावर. त्यांचे आत्मचरित्र 'एका पानाची कहाणी' त्यानंतर पाच वर्षांनी, १९८१ साली, प्रसिद्ध झाले, आणि सांगलीच्या गणेश आत्माराम खांडेकरची ओळख बहुतेक वाचकांना तेव्हा प्रथमच झाली.